आडनाव एक, घराणी दोन

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एकाच महिन्यात दोन ऑपरेशनं ठरली. सांगलीच्या आत्याचे गुडघे आणि डोंबिवलीच्या धाकट्या काकांचं प्रोस्टेट. दोघांनाही आपापल्या डॉक्टरांनी एकच शब्द सांगितला होता, ‘रोबोटिक’. आत्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, ते यंत्र आपलं आपण कापतं, की डॉक्टर कापतात?” दोन दिवसांनी काकांनीही जवळपास तेच विचारलं. मी दोघांना एकच उत्तर दिलं, “डॉक्टरच करतात, यंत्राची नुसती मदत असते.” मग या यंत्रांची कुळकथा वाचायला बसले, आणि लक्षात आलं की काकांना दिलेलं उत्तर बरोबर होतं, आत्याला दिलेलं अर्धवट.

पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना महामार्गावर रुग्णालयांचे फलक दिसतात. एकावर रोबोटिक गुडघेरोपण, पुढच्यावर रोबोटिक कॅन्सर सर्जरी. वाचणाऱ्याला वाटतं, एकच यंत्र असेल, आज गुडघा करत असेल आणि उद्या पोट. खरं तर ही दोन वेगळी घराणी आहेत. एकाचा मूळपुरुष मोटारींच्या कारखान्यात जन्मला, दुसऱ्याचा अणुप्रयोगशाळेत. दोघांचं काम करण्याचं तत्त्व वेगळं, धोके वेगळे, आणि म्हणून रुग्णाने विचारायचे प्रश्नही वेगळे. एक आहे ते फक्त आडनाव, आणि ते एका नाटकातून आलेलं आहे.

कारेल चापेक या झेक लेखकाने १९२० साली ‘आर. यू. आर.’ नावाचं नाटक प्रसिद्ध केलं. कारखान्यात घडवलेल्या कृत्रिम मजुरांची ती गोष्ट. त्या मजुरांना काय म्हणावं हे त्याला सुचेना, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने ‘रोबोट’ शब्द सुचवला. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करायची मजुरी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. नाटकात हे वेठबिगार शेवटी माणसांवर उलटतात. शंभर वर्षांनंतरही ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णाच्या मनात जी धास्ती येते, तिचं मूळ या नाटकात आहे असं मला वाटतं. यंत्राने स्वतः ठरवलं तर? यंत्र ऐकेनासं झालं तर? संमतीपत्रावर ‘रोबोटिक असिस्टेड’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रोबोटच्या साहाय्याने. पण बोलताना साहाय्य गळून पडतं आणि रोबोट तेवढा उरतो.

आधी आत्याचं घराणं पाहू.

१९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा एक यांत्रिक हात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणं हे त्याचं काम. त्याला डोळे नव्हते, स्पर्श नव्हता. एकदा शिकवलेली हालचाल तो न थकता, त्याच ठिकाणी, तशीच करत राहायचा. हाडाला हेच हवं होतं, कारण हाड जागेवर राहतं. ते घट्ट बांधता येतं, त्याचा सीटी स्कॅन काढता येतो, आणि स्कॅनमध्ये दिसलं तिथेच ते ऑपरेशनच्या वेळी सापडतं. आतडं किंवा मूत्राशय असं गप्प बसत नाही. कारखान्याचा हात आधी कवटीकडे आणि हाडांकडे वळला तो याच कारणाने. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे ‘प्यूमा’ नावाच्या औद्योगिक हाताने एका रुग्णाच्या मेंदूतल्या गाठीपर्यंत सुईची नळी नेमक्या कोनात धरून ठेवली. सुई आत सरकवली ती डॉक्टरांनी. हा हात मुळात माणसांपासून लांब, कुंपणाआड राबण्यासाठी घडवलेला होता. माणसाच्या डोक्याशेजारी तो चालवणं पुढे त्याच्या उत्पादकांनाच धोक्याचं वाटलं.

खरी उडी सॅक्रामेंटोमध्ये पडली. विल्यम बारगर हे अस्थिशल्यविशारद आणि हॅप पॉल हे पशुवैद्य, या दोघांना एक गोष्ट खटकत होती. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवताना मांडीच्या हाडात पोकळी करावी लागते. ती कानशीसारख्या हत्याराने, हातोडीने ठोकून केली जायची आणि सांधा व हाड यांच्यात फटी राहायच्या. आयबीएमच्या संशोधकांबरोबर त्यांनी ‘रोबोडॉक’ तयार केला. आधी १९९० मध्ये कुत्र्यांवर, मग १९९२ मध्ये माणसावर. इथे आत्याचा प्रश्न लागू पडतो. रोबोडॉकमध्ये आराखडा डॉक्टर आखायचे, पाय चिमट्यात आवळून बांधायचे, आणि त्यानंतर हाड कोरायचं काम यंत्र स्वतः करायचं. डॉक्टर शेजारी, बंद करायच्या बटणावर हात ठेवून उभे. म्हणजे होय, आपलं आपण कापणारं यंत्र या घराण्यात पहिल्यापासून आहे.

जर्मनीने रोबोडॉक उत्साहाने उचलला. १९९० च्या दशकात तिथे हजारो खुबे त्याने कोरले गेले. मग तक्रारी सुरू झाल्या. कुणाला लंगडेपणा आला, कुणाचे स्नायू आणि मज्जातंतू दुखावले. काहींना तर खुब्याचं ऑपरेशन होऊन गुडघाच दुखत राहिला, कारण यंत्राला हाडाची जागा कळावी म्हणून गुडघ्याजवळच्या हाडात आधीच खिळे बसवावे लागत. रुग्णांनी दावे लावले आणि यंत्र मागे पडलं. २००६ च्या जूनमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने यातल्या एका खटल्यात जे सांगितलं ते प्रत्येक रुग्णाने माहीत करून घ्यावं असं आहे. नवी पद्धत वापरताना डॉक्टरांनी माहीत असलेले धोके सांगणं पुरेसं नाही. या पद्धतीत अजून कुणालाच न कळलेले धोकेही असू शकतात, हे रुग्णाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. खटला भरणारी बाई मात्र हरली. तिला झालेली मज्जातंतूची इजा तिला आधी सांगितलेल्या धोक्यांपैकी होती. पण तत्त्व उरलं. ‘हे नवीन आहे’ ही रुग्णालयाला जाहिरात वाटते. कायद्याच्या नजरेत ती सावधगिरीची सूचना आहे, आणि मला न्यायालयाचंच पटतं.

दरम्यान लंडनच्या इंपिरियल कॉलेजात ब्रायन डेव्हिस दुसऱ्या वाटेने विचार करत होते. हत्यार सर्जनच्याच हातात राहू द्यावं, यंत्राने फक्त कुंपण घालावं. आखलेल्या रेषेच्या आत करवत मोकळी फिरते, रेषेबाहेर जाऊ लागली की यंत्राचा हात अडवतो. आज गुडघ्यासाठी वापरली जाणारी बरीच यंत्रं याच विचाराची आहेत. त्यांतलं ‘माको’ २००६ पासून रुग्णांसाठी वापरात आलं. पण रोबोडॉकच्या वंशातली, ठरल्या आराखड्यानुसार स्वतः हाड घासणारी यंत्रंही आहेत, भारतातही आहेत. तेव्हा गुडघा करून घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की करवत कुणाच्या हातात असेल.

आत्याने विचारला. तिच्या डॉक्टरांकडचं यंत्र कुंपणवालं निघालं. मग आणखी माहिती मिळाली, जी रुग्णालयाच्या पत्रकात नव्हती. यंत्राला पाय कुठे आहे हे कळावं म्हणून मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवतात, त्यामुळे दोन-चार लहान जखमा जास्तीच्या होतात आणि क्वचित त्या जागी हाड मोडू शकतं. बऱ्याच यंत्रांवर त्या कंपनीचाच सांधा बसवावा लागतो. म्हणजे यंत्र निवडलं की सांधाही निवडला गेला. हे आत्याला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. विचारल्यावर मात्र डॉक्टरांनी नीट सांगितलं.

आणि उपयोग? यंत्राने सांधा आराखड्याप्रमाणे अचूक बसतो, हे बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. पण अचूक बसलेला सांधा आणि सुखाने चालणारा माणूस या एकच गोष्टी नाहीत. सोलच्या डॉक्टरांनी हजाराहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाचे गुडघे रोबोडॉकने, दुसऱ्याचे नेहमीच्या पद्धतीने. दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. चालणं, वेदना, सांधा टिकणं, कशातच फरक आढळला नाही. ते यंत्र जुनं होतं, नव्या यंत्रांचा दहा वर्षांचा हिशेब अजून यायचा आहे. पण फलकावर ‘जास्त टिकाऊ’ असं वाचलं की मला ही पाहणी आठवते.

आता काकांचं घराणं. हे मला अधिक मोहक वाटतं, कारण याच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. जिथे हात पोहोचू शकत नाही तिथे हाताचं कौशल्य कसं पोहोचवायचं?

१९४० च्या दशकाच्या शेवटी शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांच्यापुढे ही अडचण होती. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळायचे, पण जवळ जायचं नाही. त्यांनी जाड भिंतीच्या अलीकडे दोन मुठी आणि पलीकडे दोन चिमटे बसवले. अलीकडे मनगट वळवलं की पलीकडे चिमटा तसाच वळायचा. आधी हे पट्ट्या आणि कप्प्यांनी जोडलेलं होतं, पुढे विजेवर चालू लागलं. या यंत्राला स्वतःचं काही डोकं नाही. अलीकडचा हात थांबला की पलीकडचा थांबतो. काकांच्या ऑपरेशनचं यंत्र याचंच पणतू आहे. गर्ट्झ यांनी आणखी एक काळजी घेतली होती. पलीकडे चिमटा कशाला टेकला की त्याचा दाब अलीकडच्या मुठीत जाणवावा, अशी सोय त्यांनी १९५४ च्या विजेवरच्या यंत्रात केली. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मधल्या काळात पोटाच्या शस्त्रक्रियेत दुर्बीण आली. १९८० मध्ये जर्मनीतल्या कील इथे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, १९८५ मध्ये एरिक म्यूहे यांनी पित्ताशय. दोघांनाही त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी आधी झिडकारलं. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून पोटाच्या आजारांचं निदान करायला दुर्बीण वापरत होते, आणि १९९० मध्ये त्यांनी तिथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ही पहिली अशी शस्त्रक्रिया. ही श्रीमंतांची चैन आहे असं अनेक जण म्हणत असताना त्यांचं म्हणणं उलट होतं. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला महिनाभर घरी बसवणारा वीतभर छेद परवडत नाही, म्हणून लहान छेदाची गरज गरिबालाच अधिक आहे. रोबोटबद्दल बोलताना हा निकष मला फार मोलाचा वाटतो. नवं यंत्र कुणाच्या कोणत्या अडचणीसाठी आहे, हे आधी सांगा.

दुर्बिणीचं सुख रुग्णाला मिळालं, कष्ट सर्जनच्या वाट्याला आले. दाराच्या कडीच्या भोकातून दोन लांब काठ्या आत घालायच्या आणि पलीकडे सुईने टाका मारायचा, असं ते काम. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, कारण पोटाच्या कातडीवर काठी टेकलेली असते. काठीला मनगट नाही. पडद्यावरचं चित्र सपाट, खोली कळत नाही. हाताचा बारीकसा कंप टोकाला मोठा होतो. पित्ताशय काढायला हे चालून गेलं. पण ओटीपोटाच्या तळाशी, अरुंद जागेत, मूत्रनलिका पुन्हा मूत्राशयाला शिवायची म्हटलं की चांगल्या चांगल्या सर्जनांची कसोटी लागायची.

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत फिल ग्रीन गर्ट्झ यांच्या कल्पनेवर शस्त्रक्रियेचं यंत्र बांधत होते, आणि लष्करी सर्जन रिचर्ड सतावा यांनी त्याचा उपयोग हेरला. रणांगणावर जखमी झालेला सैनिक चिलखती गाडीतल्या यंत्राखाली ठेवायचा, आणि सर्जनने मागे सुरक्षित जागी बसून त्याचा रक्तस्राव थांबवायचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पैसा दिला. रणांगणावर हे यंत्र कधीच पोहोचलं नाही. पण १९९५ मध्ये फ्रेडरिक मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र घेऊन इंट्युइटिव्ह सर्जिकल ही कंपनी काढली. १९९७ मध्ये बेल्जियममध्ये त्यांच्या प्रायोगिक यंत्राने माणसाचं पित्ताशय काढलं गेलं, आणि २००० च्या जुलैमध्ये त्यांच्या ‘दा विंची’ या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली.

प्रतिस्पर्धी कंपनी होती कॉम्प्युटर मोशन. तिचं ‘झ्यूस’ नावाचं यंत्र वापरून ७ सप्टेंबर २००१ ला जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं. मध्ये आख्खा अटलांटिक महासागर. त्या ऑपरेशनला विमानाने तो महासागर एकट्याने ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं नाव दिलं गेलं. दूरवर हात पोहोचवण्याचं सतावांचं स्वप्न त्या दिवशी पुरं झालं, पण रोजच्या व्यवहारात ते उतरलं नाही. २००३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, झ्यूस बंद पडलं, आणि दुरून चालवण्यासाठी जन्मलेलं यंत्र रुग्णाच्याच खोलीत, पलंगापासून काही पावलांवर स्थिरावलं. आता पुन्हा अंतराकडे पावलं पडताहेत. गुरुग्राममध्ये बनलेलं ‘एसएसआय मंत्रा’ हे भारतीय यंत्र २०२२ पासून बाजारात आहे आणि २०२५ च्या जानेवारीत त्याने गुरुग्रामहून जयपूरच्या रुग्णावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मात्र तुम्हाला-मला रुग्णालयात भेटणारं यंत्र आजही त्याच खोलीतलं असतं.

दा विंची हृदयासाठी उपयोगी पडेल असं बनवणाऱ्यांना वाटत होतं. ते रुजलं मात्र प्रोस्टेटमध्ये, आणि त्यात डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डॉ. मणी मेनन यांचा वाटा मोठा. केरळात जन्मलेले, पुदुच्चेरीत शिकलेले. प्रोस्टेट ओटीपोटाच्या तळाशी असतं, त्याच्या दोन्ही अंगांनी लैंगिक क्षमतेच्या बारीक नसा जातात, खाली लघवी धरून ठेवणारा स्नायू असतो. यंत्रामुळे काठीला मनगट फुटलं होतं, त्याचा फायदा इथे सगळ्यात जास्त. बघता बघता अमेरिकेत प्रोस्टेट काढण्याची बहुतेक ऑपरेशनं यंत्राने होऊ लागली.

ऑपरेशनच्या खोलीत काय होतं ते काकांना मी असं सांगितलं. तुम्हाला पूर्ण भूल देतील, डोकं खाली आणि पाय वर असा पलंग बराच तिरका करतील. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतील. त्या वायूमुळे नंतर दोन दिवस खांदा दुखू शकतो, घाबरायचं नाही. तिरकेपणामुळे चेहरा आणि डोळे सुजल्यासारखे वाटतील. काचबिंदू असेल तर आधी सांगायचं. पोटाला बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी पाच-सहा छिद्रं पाडून त्यांतून यंत्राचे हात आत जातील. सर्जन कोपऱ्यातल्या कन्सोलवर डोकं टेकवून बसतील. तिथे त्यांना आतलं दृश्य खोलीसकट, कित्येक पटींनी मोठं दिसतं. त्यांच्या बोटांची हालचाल लहान करून, कंप गाळून आत पोहोचते. त्यांनी डोकं वर उचललं की हात जागच्या जागी थिजतात. आणि तुमच्या शेजारी दुसरे डॉक्टर उभे असतील. हत्यारं बदलणं, रक्त ओढून घेणं आणि वेळ आलीच तर यंत्र बाजूला करून पोट उघडायची तयारी, हे सगळं त्यांच्याकडे. लोक कन्सोलवरच्या सर्जनची चौकशी करतात, पलंगाशेजारी कोण असेल हे फारसं कुणी विचारत नाही. विचारावं.

गर्ट्झ यांनी जपलेला स्पर्श मात्र या प्रवासात गळाला. जवळपास पाव शतक दा विंचीच्या सर्जनला दोरा किती ताणला गेला हे हाताला कळत नव्हतं. डोळ्यांनी ओळखावं लागायचं. अनुभवी माणूस ऊतींच्या रंगावरून, ताणावरून ते ओळखतो, नवखा ओळखत नाही. २०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या नव्या आवृत्तीत काही हत्यारांपुरता दाब हाताला परत मिळू लागला आहे. म्हणूनच ‘तुमच्याकडे रोबोट आहे का’ यापेक्षा ‘माझं हेच ऑपरेशन या यंत्रावर तुम्ही स्वतः किती वेळा केलं आहे’ हा प्रश्न जास्त कामाचा. त्याचं उत्तर आकड्यात मिळायला हवं.

यंत्र बंद पडलं तर? अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे २००० ते २०१३ या काळात शस्त्रक्रियेच्या रोबोटांबद्दल १०,६२४ नोंदी आल्या. त्यांत १४४ मृत्यू आणि १,३९१ इजा होत्या. ८,०६१ नोंदी यंत्रातल्या बिघाडाच्या. त्याच काळात तिथे सतरा लाखांहून अधिक अशी ऑपरेशनं झाली होती, आणि नोंदलेला प्रत्येक मृत्यू यंत्रामुळेच झाला असंही नाही. तरी काहींमध्ये हत्याराचा तुकडा तुटून पोटात पडला, काहींमध्ये विजेची ठिणगी नको तिथे लागली. धोका थोडा आहे, शून्य नाही.

यापेक्षा मोठा धडा यंत्राच्या बिघाडात नाही, निवडीत आहे. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने सर्जनांना हादरवलं. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी गर्भाशय आणि भोवतालचा भाग काढण्याचं मोठं ऑपरेशन ६३१ बायकांमध्ये दोन प्रकारे केलं गेलं, काहींमध्ये पोट उघडून, काहींमध्ये लहान छिद्रांतून. छिद्रांच्या गटात बहुतेक ऑपरेशनं साध्या दुर्बिणीने, थोडी रोबोटने झाली. साडेचार वर्षांनी पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के बायका कॅन्सरमुक्त होत्या, छिद्रांच्या गटात ८६. टाका लहान, रक्त कमी, घरी लवकर, आणि तरी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णांना आणि डॉक्टरांना याबद्दल सावध केलं. आपल्या देशात हा कॅन्सर खेड्यापाड्यांतल्या बायकांना गाठतो, म्हणून हे मराठीत ठळकपणे सांगणं मला गरजेचं वाटतं. गाठींसाठी किंवा अति रक्तस्रावासाठी पिशवी काढायची असेल तर हा निष्कर्ष त्याला लागू नाही. कॅन्सर असेल तर मात्र उघड्या ऑपरेशनबद्दल विचारलंच पाहिजे, आणि ‘ते जुनं झालं’ एवढ्या उत्तरावर उठून यायचं नाही.

प्रोस्टेटचं चित्र इतकं टोकाचं नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांवर केलेल्या चाचणीत उघड्या ऑपरेशनपेक्षा रोबोटने रक्त कमी गेलं आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. पण तीन महिन्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता पाहिली तर दोन्ही गट बरोबरीत. काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडे खट्टू झाले. त्यांना वाटत होतं, जास्त पैसे भरले की हे दोन त्रास टळतात.

पैशांचं गणित यंत्राच्या घडणीतच आहे. हत्याराच्या टोकाचं मनगट बारीक तारांवर वळतं, त्या तारा झिजतात, म्हणून प्रत्येक हत्याराचे वापर ठरलेले असतात आणि यंत्र ते मोजतं. शेवटचा वापर झाला की हत्यार टाकून द्यायचं. बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून जे येतं त्यात हा हिशेब असतो. शिवाय कोट्यवधींचं यंत्र घेतलेल्या रुग्णालयाला ते चालतं ठेवायचं असतं. हा दबाव डॉक्टरांवरही असतो हे मान्य करायला हवं. विम्याचं म्हणाल तर विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेला आधुनिक उपचारांच्या यादीत घालून ती पॉलिसीतून पूर्ण वगळायला मनाई केली. मर्यादा घालायची मुभा मात्र ठेवली. काकांच्या पॉलिसीत तशी मर्यादा निघाली आणि कॅशलेसची मंजुरी अर्ध्यावर अडली. पॉलिसीतलं ते पान आधीच उघडून पाहिलं असतं तर तीन दिवसांची धावपळ वाचली असती.

संमतीपत्राबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेला एक निकाल आहे. दुर्बिणीने तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय आणि अंडाशय, ती बेशुद्ध असताना, तिच्या आईच्या होकारावर काढून टाकले गेले होते. न्यायालयाने म्हटलं, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते, धोके कोणते, हे रुग्णाला पुरेसं कळलेलं असलं पाहिजे. ‘पर्याय कोणते’ या दोन शब्दांवर मी दोघांनाही बोट ठेवायला सांगितलं.

आत्याने एकच गुडघा आधी करायचं ठरवलं, आणि तोही यंत्राशिवाय. तिच्या डॉक्टरांनीच शेवटी सांगितलं की त्यांनी आजवर बसवलेले बहुतेक गुडघे हातानेच बसवलेले आहेत, यंत्र नुकतंच आलं आहे. काकांनी रोबोटच घेतला. त्यांच्या सर्जनचा हात त्या यंत्रावर बसलेला होता आणि आकडा त्यांनी न अडखळता सांगितला. पोट उघडायची वेळ आली तर कोण उघडेल, या प्रश्नावर ते म्हणाले, “मीच. मी शिकलोच उघड्यावर.” त्यांचे विद्यार्थी आता बरीचशी ऑपरेशनं यंत्रावरच शिकतात, याची त्यांनाही काळजी वाटते, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं.

निघताना काकांनी विचारलं, “डॉक्टर, मी झोपलेला असताना तुम्ही नक्की कुठे असाल?” डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला. मध्ये एक पलंग काढला, त्याच्याभोवती चार हात, डाव्या अंगाला एक फुली, “ही माझी सहकारी.” कोपऱ्यात एक खुर्ची काढली, “हा मी.” काकांनी खुर्ची आणि पलंग यांच्यामधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, “आणि हे अंतर?” डॉक्टर म्हणाले, “आठ-दहा फूट.” काकांनी खिशातलं पेन काढून तिथे आकडा लिहिला आणि कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला.